घरात एकीलाच गळा असेल, तर गोष्ट कोणाची सांगायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या तीन भावंडांवर तुम्ही हलकीफुलकी कादंबरी लिहिता आहात. ताई बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, दादा नववीत, बारकी सहावीत, आणि गळा मिळालाय तो नेमका बारकीला. ज्यांना वाचायला दिलंत त्यातला एक म्हणाला, ‘यात काही घडतच नाही.’ दुसरीनं सुचवलं, ‘पोरगीला टीव्हीवरच्या स्पर्धेत पाठवा.’ तुम्हाला विचारायचंय ते हे की गाणं शब्दांत कसं उतरवायचं, आणि थोरल्या भावंडांना मत्सर वाटायलाच हवा का. सोबत पाठवलेली दोन प्रकरणं वाचली. मी सांगलीत बसून बरीच वर्षं कादंबऱ्यांची आणि दिवाळी अंकांची हस्तलिखितं तपासतो, थोडीफार पेटीही वाजवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो.

अडचण वर्णनाची नाहीच. बारकी गायला लागली की तुमच्या घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून बसतात, ही अडचण आहे. पहिल्याच प्रकरणात तुम्ही लिहिलंय, ‘तिच्या कंठातून जणू अमृत पाझरू लागले आणि सारा वाडा मंत्रमुग्ध झाला.’ मंत्रमुग्ध झालेला वाडा पुढं करणार काय? दुसऱ्या प्रकरणात तो पुन्हा मंत्रमुग्ध होतो, तिसऱ्यातही होणार. वाचणाऱ्यानं ‘काही घडत नाही’ म्हटलं ते बरोबरच आहे. मात्र त्यावर उपाय स्पर्धा नव्हे.

काही गोष्टी तुमच्यावरच अवलंबून आहेत. तुम्ही स्वतः गाणं शिकला आहात की नाही ते कळलं नाही. शिकला असाल तर हात आखडता घ्या, नसाल तर एकच सांगीतिक गोष्ट निवडा आणि ती चोख लिहा. काळ कोणता, तेही ठरवा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं घर असेल तर कॅसेट, रेडिओ आणि शेजारच्यांचा फोन. आजचं असेल तर तानपुरा मोबाईलमध्ये, मोबाईल आईचा, आणि त्याच वेळी दादाला त्यावर गणिताचा व्हिडिओ बघायचाय. दुसरं घर मला जास्त आवडेल, कारण तिथं भांडण आयतं मिळतं. वाचक कुमारवयीन की मोठे, यावर प्रकरणांची लांबी ठरेल. आता जे सांगतोय ते मात्र दोघांनाही लागू आहे.

घरातला गुणी पोर बाहेरच्यांना कौतुकाचा, घरच्यांना तापाचा. गळा बारकीचा, पण त्याची किंमत मोजतात बाकीचे. सकाळी साडेपाचला रियाज म्हणजे माजघरात झोपलेल्या दादाची झोप गेली. पाहुणे आले की बारकीला ‘गा’ म्हणतात आणि ताईला ‘चहा टाक’. साताऱ्याचा जुलै तुम्हाला माहीतच आहे. कपडे वाळत नाहीत, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, तबल्याचं चामडं ओल धरून उतरतं. मग पेटी कुठं ठेवायची? घरात कोरडी जागा एकच, चुलीशेजारची फळी, आणि तिच्यावर आज्जीच्या पापडांचा डबा. पेटी की पापड, यावर एक आख्खं प्रकरण उभं राहतं. त्यात बारकीनं एक सूरही लावला नाही तरी वाचकाला कळतं की या घरात गाण्याला किती जागा आहे. अक्षरशः किती फूट, तेही कळतं.

तुमचंच पहिलं प्रकरण मी कसं लिहीन ते दाखवतो, म्हणजे हवेतलं बोलणं व्हायला नको.

‘बारकीनं गंधार लावला तेव्हा दादा मोरीत तोंडाला साबण फासून उभा होता. त्यानं तांब्या उचलला आणि तसाच धरून ठेवला. साबण डोळ्यात गेला. “आज्जी, तिला म्हणावं संपव की आता!” तो ओरडला. “तू ओत की पाणी,” आज्जी चुलीपुढनं म्हणाली, “तुला कोण अडवलंय?” याला दादाकडं उत्तर नव्हतं.’

यात गाण्याला एकही विशेषण नाही. सूर कसा होता ते कुणी सांगत नाही, पण पाण्याचा आवाज होईल म्हणून नववीतला पोरगा डोळ्यात साबण सोसतो, आणि तेही मरेपर्यंत कबूल करणार नाही. तुमच्या अमृतापेक्षा हा साबण जास्त काम करतो. गाणं शब्दांत उतरवायच्या भानगडीत पडूच नका. ऐकणारा उतरवा, आणि तोही कामात असलेला. कणीक मळणारी आई, हिशेब जुळवणारे बाबा, जिन्यात चप्पल शोधणारा शेजारी, कुणीही चालेल. हात थांबला, हिशेब चुकला, चप्पल सापडूनही माणूस जिन्यातच उभा राहिला, एवढं पुरतं.

आता शीर्षकातला प्रश्न. तुम्ही कादंबरी बारकीच्या डोळ्यांनी सांगताय, ती ताईला द्या असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला उपजत येतं त्याला आपण काय करतो ते ठाऊक नसतं. बारकीच्या आतून लिहायला गेलात की ‘मी डोळे मिटले आणि सूर आपोआप आला’ यापलीकडं तुम्हाला जाता येणार नाही. ताईचं तसं नाही. ती सात-आठ वर्षं पेटी शिकलेली. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा प्रारंभिकपासून एकेक करत मध्यमापर्यंत दिलेल्या. बोटं तयार आहेत, गळा बेताचा. तिचा कान मात्र पक्का आहे. बारकीचा ऋषभ कधी केसभर चढला ते घरात फक्त तिलाच कळतं. आपल्याला जे कधीच जमणार नाही ते समोरच्याला जमलंय, हे ओळखण्याइतकं शिक्षण तिच्याकडं आहे. विनोद आणि दुखणं दोन्ही तिथंच आहे, शेजारी शेजारी.

परीक्षांचं प्रकरण तर हातात आयतं आलंय. वरच्या परीक्षांना तोंडी आणि प्रात्यक्षिकाबरोबर लेखी पेपरही असतो. ताईला लेखीत पैकीच्या पैकी, कारण वादी, संवादी, गानसमय, आरोह, अवरोह तिला झोपेत विचारलं तरी येतं. पुढं बारकी त्या पेपरला बसते तेव्हा ‘भूप रागाची संपूर्ण माहिती लिहा’ या प्रश्नाखाली लिहून येते, ‘गाऊन दाखवते.’ घरी दोघींची केवढी जुंपेल बघा. आणि त्या भांडणात दोघींचंही म्हणणं खरं असेल, हे महत्त्वाचं.

मत्सराबद्दल. असावा, पण गळ्याचा नव्हे, चहाचा. ताईला बारकीच्या आवाजाचा हेवा वाटतो असं लिहिलंत की ती खलनायिका तरी होते नाहीतर शेवटी रडून मिठी तरी मारते. दोन्ही वाचून वाचून वाचक थकलाय. पाहुण्यांनी आपल्याला चहाला पिटाळलं याचा राग मात्र खरा आणि हसताही येण्याजोगा आहे. तो राग काढायला ताईनं साखर विसरावी.

आपल्या भागात गाणाऱ्या भावंडांची उदाहरणं काही कमी नाहीत, म्हणून जरा आजूबाजूला बघा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर मिरजेतच 1905 साली जन्मली, धाकट्या सरस्वती राणे 1913 साली. थोरले सुरेशबाबू माने स्वतः मोठे गवई, त्यांनी बहिणींना शिकवलं. नाव जास्त झालं ते हिराबाईंचं, आणि पुढं हिराबाई-सरस्वतीबाई या बहिणींची जुगलबंदी लोकांनी डोक्यावर घेतली. म्हणजे थोरला भाऊ गुरू, बहीण त्याच्यापेक्षा नावाजलेली, धाकटी तिच्या शेजारी बसून गाणारी. एवढी सगळी नाती, आणि त्यातल्या एकालाही ‘मत्सर’ हा शब्द पुरत नाही. त्या घराच्या गोष्टीत दुःखही फार होतं. आईवडील वेगळे झाले, मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. ते तुमच्या हलक्या पुस्तकात आणू नका, पेलणार नाही. मंगेशकर भावंडांचंही तेच. मास्टर दीनानाथांचं सांगलीतलं घर आमच्याकडं अजून लोक बोट करून दाखवतात, आशाबाईंचा जन्म 1933 चा इथलाच, पण त्या घराचं पुढं जे झालं त्याचा भार तुमच्या वाड्याला सोसायचा नाही. थोरांची चरित्रं वाचा ती एवढ्यासाठी की भावंडं एकमेकांची गुरू, साथीदार, टीकाकार, पाणक्या सगळं असू शकतात.

आता दादाकडं वळू, कारण तुम्ही त्याला अगदीच वाया घालवलाय. क्रिकेट खेळतो आणि चिडतो, बस. नववीतला मुलगा म्हणजे आवाज फुटायचं वय! तोही लहानपणी गायचा असं करा. बरा गायचा. आणि आता तोंड उघडलं की एक अक्षर वर, एक खाली. हसं होतं म्हणून त्यानं गाणं सोडलंय. वर्षभरात आवाज खाली येऊन बसतो, समजा काळी एकला (म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला), आणि त्याला गुपचूप पुन्हा गावंसं वाटायला लागतं. अडचण एवढीच की घरात पेटी एक, तानपुऱ्याचा मोबाईल एक, आणि तो तानपुरा लावलेला बारकीच्या पट्टीत.

इथं तुम्हाला एक खरीखुरी सांगीतिक गंमत देतो. जवळ पेटी असेल तर करून बघा, मोबाईलवरच्या पेटीवरही चालेल. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढरीला हात नाही. काळी तीनला ‘सा’ मानून वर जा: सा रे ग प ध. हा भूप. आता त्याच पाच पट्ट्या, पण ‘सा’ काळी एकला: सा रे म प ध. हा दुर्गा राग. एक पट्टी कमी नाही, एक जास्त नाही. फक्त घर कुठून मोजायचं ते बदललं. (काळी पाचला ‘सा’ धरलात तर मालकंसाचे सूर मिळतात, पण ते आज्जीसाठी राखून ठेवा.) शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. तुमच्या पुस्तकात तो शब्द एकदाच यावा, तोही ताईच्या तोंडी, आणि कुणी लक्ष देऊ नये.

आता हे घरात बसवू. एरवी बारकीची पट्टी काळी चार. ऑगस्टचा पाऊस, तिला सर्दी, म्हणून तिला गाणं शिकवणाऱ्या बुवांनी आठवडाभर काळी तीनवर उतरवलंय. संध्याकाळी ती भूप घेऊन बसलीये, ताई पेटीवर. पलीकडच्या खोलीत दादा दार लावून दुर्गा गुणगुणतोय, आपलं कुणाला ऐकू जात नाही अशा समजुतीत. भिंत एक वीट जाडीची. बारकी कावते, ‘दाद्या, गप की! माझा सूर हलतोय.’ दादा कशाला ऐकतोय? पेटीवर बोटं असलेल्या ताईच्या एकदम ध्यानात येतं की तिला पट्ट्या बदलाव्या लागत नाहीयेत. ती बारकीची साथ करतेय आणि दादाचीही होतेय. ती काही न बोलता वाजवत राहते. सगळ्या घरात हे एकटीलाच कळलंय. गळा नसलेल्या ताईच्या हातात पहिल्यांदा दोघांची दोरी आलीये. कादंबरीचा कळस हवा होता ना? तो हा. यात परीक्षक नाहीत, मार्क नाहीत, टाळ्या नाहीत.

आणि विनोदही त्यातच आहे. बारकीचा तानपुरा पंचम-षड्जाचा, म्हणजे त्यात काळी एक आणि काळी तीन दोन्ही बोलतात. काळी एक हा तिचा पंचम, दादाचा ‘सा’. काळी तीन तिचा ‘सा’, दादाचा मध्यम. दुर्ग्यात मध्यम आहेच, त्यामुळं तोच तानपुरा त्यालाही चालून जातो. फक्त वजन बारकीच्या ‘सा’वर जास्त, म्हणून नवशिक्या माणसाचा कान तिकडं ओढला जातो. दादा छातीठोकपणे दुर्गा सुरू करतो आणि चार आवर्तनांत बारकीच्या भूपात जाऊन पडतो. त्याला कळतच नाही. बारकीला कळतं, आणि ती थांबत नाही, उलट त्याला आणखी आत ओढते. भावंडांमधला असा छळ वर्णन करून सांगावा लागत नाही.

एक सावधगिरी. राग म्हणजे नुसते पाच सूर नव्हेत. दुर्ग्याचं चलन वेगळं, भूपाचं वेगळं, कुठल्या सुरावर थांबायचं तेही वेगळं. हा प्रसंग म्हणजे घरगुती गंमत आहे, मैफल नव्हे, हे ताईच्या मनातल्या एखाद्या वाक्यातून येऊ द्या, नाहीतर जाणकार वाचक पत्र लिहील. तो लिहीलच म्हणा, पण मग त्याचा मुद्दा जरा दुबळा असेल.

घडत नाही या तक्रारीवर माझा साधा नियम असा की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरातली एखादी व्यवस्था बदललेली असावी. पापडांचा डबा माळ्यावर गेला. दादाची वळकटी ओसरीवर आली. मोबाईलची वेळ ठरली आणि दुसऱ्याच दिवशी मोडली. बदल लहान असला तरी चालेल, पण पुढच्या प्रकरणात तो तसाच राहिला पाहिजे. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात आरतीचा प्रसंग आहे, शेजारचे काका भलत्याच पट्टीत उचलतात आणि बारकी तोंड मिटून उभी राहते. प्रसंग उत्तम आहे, पण तो तिथंच संपतो. काका दुखावले, मग त्यांच्याकडून येणारं दूध बंद झालं, असं काही घडू द्या.

घराबाहेर एकदा काढायचंच असेल सगळ्यांना, तर टीव्हीच्या स्टुडिओत नको, मिरजेला न्या. आज्जीचा जुना तानपुरा माळ्यावर सापडतो, जवारी (तारेचा घुमारा) गेलेली, तारा टेकतात ती घोडी झिजलेली. दुरुस्ती मिरजेतच. तिथलं सतार-तानपुऱ्यांचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी ते सुरू केलं असं सांगतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण ही माहिती कुणा पात्राच्या तोंडी भाषणासारखी घालू नका. गोधडीत गुंडाळलेला तानपुरा, तीन भावंडं, आज्जी, आणि माहुलीला असलेलं सातारा स्टेशन गाठायची गडबड. रेल्वेत तानपुऱ्याला जागा द्यायची की आज्जीला, यावर डब्यातल्या अनोळखी माणसांची मतं. दुकानात कारागीर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, एका ठरावीक जागी आला की तार एकदम भरून बोलायला लागते. हे जवळून, सावकाश लिहा. ताईला तिथून हलावंसं वाटू नये. आणि उरुसाचे दिवस धरलेत तर मीरासाहेब दर्ग्यात, जिथं अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, त्यांच्या स्मरणार्थ होणारी संगीत सभा आयतीच सापडेल. बारकी तिथं ऐकता ऐकता झोपून जाते, असं मी करीन.

भाषेचं एक बोलतो आणि थांबतो. संवाद फार कडक इस्त्रीचे झालेत. साताऱ्यातली सहावीतली पोरगी भावाला ‘दादा, तू माझ्यावर रागावला आहेस का?’ असं विचारत नाही. ‘फुगलायस व्हय?’ एवढंच विचारते आणि उत्तराआधी पळते. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, पण बोलणं आज्जीच्या चुलीपुढचं असू दे. बुवांना संत करू नका. पेपर वाचता वाचता, मान वर न करता ‘निषाद कुठून आला गं भुपात?’ म्हणणारे बुवा पुरेत.

पुस्तक चाळीस हजार शब्दांच्या पुढं जाऊ देऊ नका, हलकं लेखन लांबलं की जड होतं. आधी पहिलं प्रकरण ताईच्या तोंडून पुन्हा लिहून बघा. जमत नाही असं वाटलं तर बारकीकडं परत जाता येईल, पण दोन-तीन पानं तरी प्रामाणिकपणे लिहा. आणि काळ्या पट्ट्यांचा प्रसंग लिहून झाला की एखाद्या पेटीवाल्याला ती पानं वाजवून बघायला सांगा. तो जिथं अडेल तिथं खूण करून घ्या, आणि मग मला पाठवा.